कॅलरी मोजणाऱ्यांनो, पाकिटावरचं लेबल तुम्ही परत परत बघता काय?

वडगावकरीण:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीय, आधीच सांगते.

मी फेब्रुवारीपासनं कॅलरी मोजतेय, दिवसाला १५०० च्या आतबाहेर, आणि सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाऊण तास चालणं. वय ४१. ७९ किलोवरनं ७४.५ वर आले आणि तिथंच अडकून बसलेय, दीड महिना झाला काटा हलायला तयार नाही. नवरा म्हणतोय काट्यातला सेल संपला असेल. सेल बदलला. तरी ७४.५ च.

तर परवा म्यूसलीचं नवीन पाकीट फोडलं. कंपनी तीच, रंग तोच, खरं वर कोपऱ्यात 'आता जास्त बदाम' असं गोलात छापलेलं. मी गेले चार महिने अ‍ॅपमध्ये '१ सर्व्हिंग' टाकून मोकळी होते, बारकोड एकदा स्कॅन केला तो केला, परत कोण बघतंय. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, जुन्या पाकिटात साबुदाणा भरून ठेवलेला तो डब्यात ओतला आणि दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागचं वाचत बसले. जुन्यावर १०० ग्रॅमला ३७८ किलोकॅलरी, सर्व्हिंग ४० ग्रॅम, म्हणजे १५१. नव्यावर १०० ग्रॅमला ४१२, आणि सर्व्हिंग ३० ग्रॅम केलंय, म्हणजे १२४. बघा म्हणजे माल जड झाला आणि आकडा हलका दिसायला लागला!

मग म्हटलं मी खाते किती ते तरी कळू दे. माझी रोजची स्टीलची वाटी घेऊन दिराच्या दुकानात गेले आणि भरून तोलली तर ६२ ग्रॅम. ६२ ग्रॅमचे झाले २५५, आणि अ‍ॅपमध्ये रोज पडतायत १५१. दिवसाला शंभरचा घोळ, आणि तो नुसता नाष्ट्यातला. तेव्हापासनं कपाटातला एकेक पुडा उलटा करून वाचत बसलेय, सासूबाई विचारतात काय पोथी वाचायलीस काय.

तर विचारायचं एवढंच की तुम्ही लेबल किती दिवसांनी परत बघता, प्रत्येक पुड्याला का कधीतरी? अ‍ॅपमधल्या एंट्र्यांवर भरवसा ठेवायचा काय? का मीच हे जास्त डोक्यात घेतलंय?


हिशेबी_काका (टिळकवाडी):

ताई, डोक्यात वगैरे काही नाही, बरोबर केलात. मी बँकेत ३४ वर्षं काढलो, टॅली लागल्याशिवाय झोप येत नव्हती, तीच खोड इथं कामाला आली.

लेबलवरचा मोठा आकडा वाचायच्या आधी मी तो जुळतोय काय ते बघतो. प्रोटीनला ग्रॅममागं ४, कार्बोहायड्रेटला ४, फॅटला ९. पेन लागत नाही, दुकानातच उभ्या उभ्या होतंय. तुमच्या म्यूसलीचंच करून बघा, आकडा चार-पाच इकडं तिकडं आला तर ठीक, ते राउंडिंग असतंय.

आता खरी गंमत. डायबेटिसमुळं मला मुलीनं 'नो अ‍ॅडेड शुगर' खजुराचे लाडू आणून दिले, इथलंच कुणाचं तरी घरगुती पॅकिंग, नाव सांगत नाही, बाई कष्टाळू आहे. लेबलवर १०० ग्रॅमला २९० कॅलरी. खाली प्रोटीन १२, कार्ब ४८, फॅट १८. मी मनातल्या मनात केलो, ४८ अधिक १९२ अधिक १६२, चारशे दोन! मग म्हटलं फायबरला ४ नाही, २ धरतात. फायबर १० लिहिलेलं. ते कार्बमधलंच धरून वजा केलो तरी ३८२. २९० कुठनंच येत नाही. फोन करून विचारलो तर म्हणाली काका, छापणाऱ्याकडं दुसऱ्या लाडवाचं डिझाईन होतं तेच वापरलं. म्हणजे मेथीच्या लाडवाची जन्मपत्रिका खजुराच्या लाडवाला! आणि मी तिच्या भरवशावर रोज दोन खायलोतो.

अजून एक, बाहेरचं चॉकलेट वगैरे आलं की आधी केजे आहे का केकॅल ते बघा. आमचे भाऊजी दुबईहून आणतात त्याच्यावर २२३० लिहिलेलं बघून आमच्या हिनं ते डब्यासकट परत द्यायला काढलं होतं. ते किलोज्यूल. ४.१८४ नं भागलं की ५३३. तरी ५३३ म्हणजे काही कमी नाही, खरं २२३० पण नाही.


निपाणीचं_किराणा:

दुकानदाराच्या बाजूनं सांगतो. १० रुपयेवाला पुडा वर्षानुवर्षं १० रुपयेच असतोय, आतला माल कमी होत जातोय. गिऱ्हाईक भाव बघतंय, वजन कोण बघत नाही. माझ्याकडं एकाच कप्प्यात एकाच बिस्किटाचे दोन वजनाचे पुडे असतात, जुना लॉट आणि नवा लॉट. दिवाळीला २० टक्के जादावाला येतोय तो तिसराच. आता तुम्ही अ‍ॅपमध्ये '१ पुडा' लिहिलं तर नेमका कुठला पुडा?

म्हणून पुडा लिहू नका, ग्रॅम लिहा. आणि छापलेलं वजन पण अगदी देवाची शप्पथ असं धरू नका, कायद्यानंच थोडी सूट आहे, ५० ग्रॅमच्या आतल्या पुड्याला ९ टक्केपर्यंत चालतंय. बऱ्याचदा जास्तीच भरतात खरं, वजनाच्या इन्स्पेक्टरला सगळेच भितात.

आणि पाकिटावर 'नवीन', 'आता अधिक', 'सुधारित' असलं काही दिसलं की मागचं लेबल वाचायचं. कंपनी उगीच खर्च करून डिझाईन बदलत नाही.


कुंदा_फर्स्ट:

बेळगावात राहून म्यूसली खाता इथंच वजन अडकलंय तुमचं 😀

खरंच विचारतो, आपल्या बेळगावी कुंद्याच्या, त्या खव्याच्या मिठाईच्या बॉक्सवर लेबल कधी बघितलाय काय कुणी? माझ्या अ‍ॅपमध्ये कुणीतरी 'कुंदा १ चमचा ४० कॅलरी' असं टाकलंय. ज्यानं टाकलं त्याच्या घरी चमचा कुठला आणि त्यानं खाल्लं कितव्यांदा, देव जाणे. मी तीच एंट्री वापरतो, मला परवडते.


आहारवाली_खानापूर:

मी आहारशास्त्र शिकलेय आणि एका हॉस्पिटलात काम करते, त्यामुळं हे रोजचंच आहे. ताईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त कुठं वेळ घालवायचा ते ठरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चष्मा लावून पुडेच वाचत बसाल.

सर्व्हिंगचा आकडा वाचूच नका. तो कंपनीनं ठरवलेला असतो आणि तुम्ही बघितलंत तसा बदलतो. १०० ग्रॅमचा रकाना वाचायचा आणि आपण किती ग्रॅम खाल्लं त्यानं गुणायचं, संपलं. लेबलवर शेवटी टक्केवारी असते ना, आरडीएची म्हणजे दिवसाच्या गरजेची, ती दिवसाला २००० किलोकॅलरी धरून काढलेली आहे, फॅट ६७ ग्रॅम, वरची साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम असं धरून. हे फूड सेफ्टीच्या २०२० च्या लेबलिंग नियमातलंच आहे. तुमचं टार्गेट १५०० असेल तर ती टक्केवारी तुमची नाही. पेशंट येऊन सांगतात, मॅडम फक्त १० टक्केच खाल्लं. दहा टक्के कुणाचं?

फायबरबद्दल काकांनी लिहिलंय त्यात एक भर. अमेरिकन लेबलवर कार्बोहायड्रेटमध्ये फायबर धरलेलं असतं, युरोपच्या लेबलवर ते वेगळं काढलेलं असतं. अ‍ॅपमध्ये दोन्हीकडचा माल एकत्र येऊन पडतो. म्हणून एकाच ओट्सच्या चार एंट्र्या चार तऱ्हेच्या दिसतात, आणि त्यातली निम्मी लोकांनी आपापल्या हातानं टाकलेली. मी काय करते, जे रोज खाते त्या दहा-बारा वस्तूंची स्वतःची एंट्री पाकीट समोर ठेवून करते आणि नावापुढं महिना लिहिते, 'ओट्स जून' असं. पुढचं पाकीट आणलं की फोटो काढून मोठा करून बघायचं (अक्षरं मुंगीएवढी असतात), आकडा तोच असेल तर झालं. अर्धं मिनिट लागतं.

आणि लेबल म्हणजे काय सोन्याचं हॉलमार्क नव्हे. अमेरिकेत कॅलरी लिहिल्यापेक्षा २० टक्केपर्यंत जास्त निघाली तरी चालवून घेतात. धान्य शेतात येतं, कारखान्यात नाही, थोडं कमीजास्त होणारच. म्हणून ३७८ का ३८१ यावर झोप घालवू नका. ४० ग्रॅम का ६२ ग्रॅम, कच्चं का शिजलेलं, यावर घालवा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात अडीचशे-तीनशे ग्रॅम होतो. लेबल कच्च्याचं, ताटात शिजलेला, आणि एंट्री तिसरीच. खानापूरच्या तांदळाचा भात कुणी थोडा खात नाही हे पण मला माहितीय, मी इथलीच आहे.

बिनलेबलच्या मालाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे. ज्वारी, शेंगदाणे, पालेभाज्या सगळं आहे. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, काकांचा भागाकार तिथं पण लागेल. ज्वारी १०० ग्रॅमला साधारण ३३४ किलोकॅलरी येते, शेंगदाणे ५२० च्या आसपास.


आधी_मोजायचो:

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मी दोन वर्षं मोजलो. १८ किलो उतरलो, खोटं बोलत नाही. खरं शेवटी शेवटी असं झालं की मावसबहिणीच्या लग्नात मांडे वाढायलेत आणि मी बाहेर जाऊन फोनवर मांड्याची एंट्री शोधायलोय. सापडली नाही म्हणून खाल्लो नाही. आई काही बोलली नाही, नुसतं बघितली. घरी आल्यावर अ‍ॅप काढून टाकलो.

आता दोन भाकऱ्या, पालेभाजी जास्त, रात्री भात अर्धा, एवढंच बघतो. चार किलो परत आलेत, तेवढे असू देत. ताई तुम्ही तसं करताय असं म्हणत नाही, खरं कपाटातला एकेक पुडा उलटा करून वाचते हे वाचून माझे दिवस आठवले.


आहारवाली_खानापूर:

@आधी_मोजायचो दादा, हे लिहिलंत बरं केलंत. माझ्याकडं असे येतात, विशेषतः कॉलेजची मुलं. ज्याला मोजल्याशिवाय घास उतरत नाही त्यानं मोजणं थांबवायचं आणि कुणाशीतरी बोलायचं, तिथं लेबलचा प्रश्नच नाही.


म्हैसवाला_चिकोडी:

तुम्ही सगळे पाकीटच बोलायलाय. आमच्याकडं दूध पाकिटात येत नाही, गोठ्यात येतंय. खरं त्याला पण लेबल असतंय बरं का, डेअरीत घातलो की स्लिप मिळते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) छापून. आज फॅट सकाळी ६.४, संध्याकाळी ७.१. संध्याकाळचं जरा घट्टच असतंय. म्हणजे माझं लेबल दिवसातनं दोनदा बदलतंय, तुमचं चार महिन्यातनं एकदा बदललं तर एवढा दंगा 😄

बायको अ‍ॅपमध्ये 'मिल्क' म्हणून टाकायची, ते टोन्डचं होतं, ३ फॅटचं, १०० मिलीला ५८. मी हिशेब घातलो, आमच्या दुधाला जवळपास ९५ येतंय. ती दिवसाला चहा-दूध धरून ४०० मिली घेती. आता करा तुम्ही.


हिशेबी_काका (टिळकवाडी):

@म्हैसवाला ३७ चा फरक गुणिले ४, १४८. रोज. वा! टोन्ड ३ फॅट, स्टँडर्डाइज्ड ४.५, फुल क्रीम ६, हे पाकिटावर लिहिलेलं असतंय, लोक रंग बघून घेतात आणि अ‍ॅपमध्ये नुसतं दूध लिहितात. तुमची स्लिप फ्रेम करून लावण्यासारखी आहे.

@वडगावकरीण ताई, पुडे वाचून झाले असतील तर एक विचारतो. तेलाचं काय लिहिता?


वडगावकरीण:

काका, तेलाचं १ चमचा सकाळी, १ चमचा रात्री असं टाकते. चहाचा चमचा. मिळून ९० येतात.


हिशेबी_काका (टिळकवाडी):

आणि महिन्याला तेल किती आणता, घरात माणसं किती?


वडगावकरीण:

चौघं. महिन्याला ४ पाऊच, एक लिटरचे. आता भीती वाटायलीय.


हिशेबी_काका (टिळकवाडी):

घाबरू नका, बेरीज कुणाला चावत नाही. पाऊचवर बघा, १ लिटर लिहून शेजारी ९१० ग्रॅम लिहिलेलं असतंय, तेल पाण्यापेक्षा हलकं. चार पाऊच ३६४० ग्रॅम. ग्रॅमला ९ नं ३२७६०. भागिले चार माणसं, भागिले ३० दिवस, माणशी रोज २७३. तुम्ही लिहिताय ९०. थोडं तळणीचं उरलेलं टाकत असाल, थोडं दिव्याला जात असेल, नवरा तुमच्यापेक्षा जास्त खात असेल, काही का असेना, दीडशे तरी कमी लिहिताय. म्यूसलीचा घोळ शंभरचा होता.

हे सगळ्यांनी करून बघावं असं आहे, कारण तेलाच्या पाऊचवरचं लेबल बरोबरच असतंय, ते वाचून काय उपयोग, कढईत किती पडलं ते त्याच्यावर कुठं छापलंय.


कुंदा_फर्स्ट:

काका तुम्ही बँकेत होता का इन्कम टॅक्सला


वडगावकरीण:

सगळ्यांचे आभार. चार दिवस तोलून बघितलं, ते लिहिते आणि मग थांबते.

भाकरी: अ‍ॅपमधली 'ज्वारीची भाकरी' १२० ची. आमच्या सासूबाईंच्या एका भाकरीला पीठ लागतंय ७५ ग्रॅम, म्हणजे २५०. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या त्या अ‍ॅपवाल्याची भाकरी आहे का पापड. शेंगांची चटणी मी लिहीतच नव्हते, चटणीला काय लिहायचं म्हणून. मोठा चमचाभर घेतली की १५ ग्रॅम, पाऊणशे-ऐंशी कॅलरी, वर तेल घेतलं ते वेगळं. आणि दोन्ही वेळा घेते. थोडक्यात १५०० म्हणून मी खात होते १९०० च्या पुढं, आणि वर वजनकाट्याचा सेल बदलला.

@आधी_मोजायचो दादा, तुमचं वाचून पुडे वाचणं थांबवलंय. खानापूरच्या ताईंनी सांगितल्यासारखी रोजच्या अकरा वस्तूंची यादी केली, प्रत्येकीपुढं महिना. बाकीचं अंदाजानंच लिहिणार. गोकाकचं करदंट आलंय घरी, त्याची एंट्री शोधली नाही, एक तुकडा खाल्ला. डिंकाचा, मस्त होता.

म्यूसलीच्या कंपनीला मेल टाकला होता की सर्व्हिंग ४० चं ३० का केलं. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, सोबत म्यूसलीचं १० टक्के सवलतीचं कूपन.

आणि दिरानं दुकानातला जुना काटा दिलाय, तो आता ओट्यावर असतो. माझ्याआधी सासूबाईंनीच वापरला. काल आणलेला पाव किलो लसूण ठेवून बघितला तर २२८ ग्रॅम. पिशवी आणि काटा दोन्ही घेऊन आत्ता बाजारात गेल्यात.